सेक्टर वीसची ज्युरी

कादंबरी वाचलेला माणूस सिनेमाला बरोबर नेऊ नये. न्यावाच लागला, तर त्याच्या शेजारी कमी ऐकू येणारं कुणीतरी बसवावं. आमच्या सोसायटीत हा उपाय चालत नाही. कमी ऐकू येणारे एकुलते एक काका आहेत आणि जॉन ग्रिशॅम कोळून प्यालेले तेच आहेत. शिवाय स्वतःला ऐकू जावं म्हणून ते कुजबुजतातसुद्धा बी विंगपर्यंत पोचेल अशा बेताने.

आम्ही खारघरला, सेक्टर वीसमध्ये राहतो. एरवी इथला माणूस शनिवार-रविवारी सेंट्रल पार्कला चकरा मारतो, नाहीतर टेकडीवर जाऊन हवा किती छान आहे असं धापा टाकत सांगतो. पावसाळ्यात सगळंच आखडतं. धबधबा सुरू झाला की पोलीस पांडवकड्याची वाट बंद करतात. गाव दारूमुक्त राहावं म्हणून इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं चळवळ केलेली, त्यामुळे तीही सोय फारशी नाही. थोडक्यात, पावसाळी शनिवारी खारघरच्या सज्जनाला भजी आणि भांडण अशी दोनच व्यसनं परवडतात. त्यातल्या भज्यांना तेल तरी लागतं.

म्हणून करमणूक समितीने क्लब हाऊसमध्ये सिनेमे दाखवायचं काढलं. सिनेमे कोर्टाचे हवेत यावर मात्र कमालीचं एकमत झालं. एक तर तळोजा कारागृह आमच्या खारघरातच आहे, त्यामुळे गुन्हा आणि शिक्षा हे विषय आम्हाला परके नाहीत. दुसरं म्हणजे सोसायटीची डीम्ड कन्व्हेयन्सची भानगड इतकी लांबली आहे की प्रत्येक सभासद एव्हाना अर्धा वकील झालाय. उरलेला अर्धा सनी देओल.

समितीवर माझी निवड झाली ती माझ्या रसिकतेमुळे, असा माझा समज होता. पहिल्याच बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, "यांच्याकडे एचडीएमआयची लांब वायर आहे." इतिवृत्तात माझ्या नावापुढे पदनाम म्हणून 'वायर' एवढंच लिहिलंय. पडद्यासाठी सातशे तीनच्या काकूंनी डबल बेडची पांढरी चादर दिली. ती भिंतीवर ताणल्यावर कळलं की तिच्या बरोबर मध्यावर एक फिकट गुलाब आहे. तेव्हापासून आमच्याकडे आलेल्या एकूण एक हॉलीवूड नटाच्या गालावर गुलाब उमटलेला आहे. टॉम क्रूझला तो शोभला, हे मान्य केलं पाहिजे.

सुरुवात केली 'द फर्म'ने. सिनेमा १९९३चा, कादंबरी १९९१ची. हुशार पोरगा, मेम्फिसमधली श्रीमंत वकिली पेढी, पगार भरपूर, गाडी फुकट आणि मागे माफिया. शेवटाकडे आलो आणि काका उठून उभे राहिले.

"चूक! पुस्तकात तो माफियाचे पैसे घेऊन पळून जातो. कॅरिबियनमध्ये! बोटीतून!"

"काका, बसा, डोकं मध्ये येतंय."

"डोकं यांनी वापरलेलं नाही!"

सिनेमात तो पळत नाही. पेढीने अशिलांना न केलेल्या कामाचे तास लावून फुगवलेली बिलं टपालाने पाठवली, त्या बिलांवरच तो सगळ्यांना अडकवतो. काकांना हा शेवट मिळमिळीत वाटला. चारशे दोनमधल्या सीएंना मात्र तो भलताच आवडला. दिवे लागल्यावर ते म्हणाले, "किती साधी गोष्ट आहे बघा. फक्त बिलं मागायची." मग थोडा वेळ थांबून, "आपल्या रंगकामाची बिलं कुठे असतात हो, सेक्रेटरी?"

पुढचा आठवडाभर सोसायटीत रंगकामाशिवाय दुसरा विषय नव्हता. तीन विंगना लागलेल्या रंगाचे लिटर मोजले, तर तेवढ्यात शेजारची सोसायटीही रंगवून झाली असती. ती रंगवलेली होतीच, पण ते वेगळ्या ठेकेदाराने, असं सेक्रेटरींनी खुर्चीवर उभं राहून सांगितलं. मग कुणीतरी 'द रेनमेकर' सुचवला. त्यात विमा कंपनी आजारी मुलाचा क्लेम नाकारते आणि नवशिका वकील तिला कोर्टात खेचतो. पाचशे एकमध्ये विमा एजंट राहतात. त्यांनी हा सिनेमा 'कौटुंबिक प्रेक्षकांसाठी योग्य नाही' असं लेखी कळवलं. का, ते तोंडीही सांगितलं नाही.

उरला 'रनअवे ज्युरी'. तंबाखू कंपनीविरुद्धचा खटला, आणि ज्युरीलाच आतून फिरवणारा एक पोरगा. सेक्रेटरींना वाटलं, सोसायटीत तंबाखू कंपनी कुणाचीच नाही, तेव्हा हा सुरक्षित.

इथे वाचकांची ओळख करून देणं भाग आहे, कारण सिनेमा असा कुणी फारसा पाहिलाच नाही. काकांनी मूळ इंग्रजी पुस्तक फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेलं. एकशे चारच्या वहिनी ग्रिशॅम मराठी भाषांतरातून वाचतात आणि त्यांच्या तोंडी सगळे अमेरिकन वकील 'विद्वान मित्र' होतात. ए विंगमधल्या आयटीवाल्या पोराने पुस्तक कानात ऐकलेलं, हार्बर लाइनवर, खारघर ते सीएसएमटी. पण वाशीची खाडी लागली की त्याचा डोळा लागतो आणि कुर्ल्याला जाग येते. त्यामुळे त्या खटल्यातले वाशी ते कुर्ला या टापूतले साक्षीदार त्याला माहीतच नाहीत. तीनशे सहाचे शेअरवाले. त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, पण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की यात शॉर्ट सेलिंग आहे. तेवढ्यासाठी ते स्वतःची खुर्ची घेऊन आले होते.

आणि सातशे तीनच्या काकू. काकूंना ग्रिशॅम वगैरे उपटसुंभ वाटतात. त्यांचा माणूस म्हणजे सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. लायब्ररीतून आणलेली पुस्तकं कुकरच्या शिट्ट्यांवर संपवलेली ही पिढी. शिट्ट्या किती झाल्या ते विसरायचं, पण साक्षीदार खोटं कुठे बोलला ते नाही. २०१३ साली शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर सिनेमा आला आणि तुफान चालला. काकूंचा राग नेमका त्यावर आहे. पडला असता तर त्यांनी माफ केलं असतं. "माझा श्रेयस असा नव्हता" हे वाक्य त्या इतक्या व्यथित स्वरात म्हणतात की नव्या शेजाऱ्यांना काकूंना मुलगा आहे असं वाटतं.

सिनेमा सुरू व्हायच्या आधीच पहिला खोळंबा झाला. थिएटरात तंबाखूचा इशारा दाखवतात, मग आपणही दाखवला पाहिजे, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं. सिनेमाच तंबाखूवर असताना इशारा नसला, तर उद्या कुणी तक्रार करेल. शेवटी एका पुठ्ठ्यावर 'तंबाखू आरोग्यास घातक आहे' असं लिहून वॉचमनने तो पडद्याजवळ धरला. वॉचमनच्या गालात त्या वेळी काय होतं याबद्दल मी काही बोलत नाही.

सिनेमा सुरू झाला. एका शेअर दलालाच्या ऑफिसात एक माणूस बंदूक घेऊन शिरतो आणि धडाधड गोळ्या झाडतो. दलाल मरतो. त्याची बायको खटला भरते, बंदूक कंपनीवर.

क्षणभर शांतता. मग काका.

"बंदूक? तंबाखू कुठाय? नवरा सिगरेट ओढून मरतो! बिलॉक्सीला! हे कुठलं गाव?"

"न्यू ऑर्लिन्स आहे, काका."

"गावही बदललं?"

एका बाजूने काका आणि दुसऱ्या बाजूने शेअरवाले. "अहो, पण शेअरवाल्यालाच मारला?" ते खरोखर दुखावले होते. "मला तर सांगितलं होतं, शेअरवाले कमावतात म्हणून!" तेही खरं होतं. कादंबरीतली मार्ली, म्हणजे ज्युरीतल्या त्या पोराची साथीदार, ज्युरी फिरवण्यासाठी तंबाखूवाल्यांच्या माणसाकडून १ कोटी डॉलर घेते, त्याच पैशांनी तंबाखू कंपन्यांचे शेअर शॉर्ट करते, निकालाने भाव कोसळले की नफा काढते आणि मूळ रक्कम सभ्यपणे परत करते. सिनेमावाल्यांनी हे सगळं छाटलं आणि वर पहिल्याच दृश्यात दलाल मारला. शेअरवाल्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि पुढचा अर्धा तास ते भिंतीकडे तोंड करून, निषेध म्हणून, ऐकत बसले.

आयटीवाल्या पोराने मोबाइल उघडून सांगितलं की पुस्तक १९९६चं, सिनेमा २००३चा, आणि मध्ये १९९९ला 'द इन्सायडर' हा तंबाखू कंपन्यांवरचाच सिनेमा येऊन गेला, म्हणून यांनी तंबाखूची बंदूक केली. एवढं समजूतदार कारण ऐकून काका आणखी चिडले. भांडणात कारण सापडणं त्यांना आवडत नाही.

आता तळमजल्यावरचे भाऊ बोलले. भाऊ तळोजा एमआयडीसीतून निवृत्त झालेले, मितभाषी. डब्यातून तंबाखू आणि चुना काढून ते डाव्या तळव्यावर मळत होते. अंगठा फिरत होता, नजर पडद्यावर. "बंदूक आपल्याकडं कुणाकडं आहे?" ते म्हणाले. "तंबाखू ठेवली असती तर निम्मी सोसायटी साक्षीला उभी ऱ्हायली असती." आणि त्यांनी तळव्यावर दोन थापा मारल्या. त्या थापांनी जी पूड उडाली ती पंख्याने अख्ख्या क्लब हाऊसला वाटली. पुढची पाच मिनिटं फिर्यादीचा वकील काय म्हणाला ते शिंकांमुळे कुणालाच कळलं नाही, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाचं उत्तर 'काय म्हणाला, काय म्हणाला' यात गेलं.

मग तो प्रसिद्ध प्रसंग आला. जीन हॅकमन आणि डस्टिन हॉफमन कोर्टाच्या स्वच्छतागृहात समोरासमोर येतात. दोघं तरुणपणापासूनचे दोस्त, एकत्र नाटकं शिकलेले, आणि इतक्या वर्षांत एका सिनेमात कधी आमनेसामने आले नव्हते. मला हा प्रसंग मनापासून बघायचा होता.

"हे पुस्तकात नाही," काका.

"असू दे हो, काका. किती छान बोलतायत बघा."

"छान बोलतायत, पण पुस्तकात नाही."

"हॅकमन गेला ना परवा?" वहिनी.

"परवा नाही, २०२५च्या फेब्रुवारीत."

"अरेरे. पुस्तकात जातो का?"

हॅकमनच्या बाबतीत एक गोष्ट मला कबूल करावीच लागेल. त्या माणसाने संतापून पुढे केलेला चेहरा बरोबर गुलाबात बसत होता, आणि तरीही भीती वाटत होती. याला अभिनय म्हणतात.

खटला निकालाला आला. ज्युरी आत गेली. ज्युरी बाहेर आली. आणि लाइट गेली.

आमचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याचा पंप एवढंच चालवतो. करमणूक ही अत्यावश्यक सेवा नाही, असा ठराव आहे, आणि त्याचे सूचक काकाच आहेत. काही मंडळी पोळ्या करायच्या म्हणून घरी गेली. मोबाइलच्या बॅटरीत राहिलेले आम्ही, सेक्रेटरी आणि सातशे तीनच्या काकू सोडून, मोजले, तर नऊ.

"नऊच पाहिजेत," अंधारातून आवाज आला. सहाशे दोनचे साहेब. जन्मभर कोर्टात बेंच क्लार्क होते आणि संपूर्ण सिनेमाभर, एकही वकील तारीख मागत नाही याचं त्यांना नवल वाटत होतं. "नानावटीच्या ज्युरीतही नऊच होते."

बस्स. अमेरिका जागच्या जागी राहिली. मुंबईच्या या एका खटल्यावर आपल्या लोकांना जेवढं बोलता येतं, तेवढं स्वतःच्या लग्नावरही बोलता येत नाही. १९५९ साल, नौदलातले कमांडर कावस नानावटी, बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा आणि तीन गोळ्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष सोडलं. न्यायाधीशांना ते पटेना, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि १९६४मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. "आणि ज्युरी?" वहिनींनी विचारलं. "ज्युरीला कुणी माफी दिली नाही," साहेब म्हणाले. "ती बंदच झाली."

मग सिनेमे. यावरही वाद घालायला जागा भरपूर. 'ये रास्ते हैं प्यार के' १९६३चा, त्यात सुनील दत्त. 'अचानक' १९७३चा, गुलजारांचा, त्यात विनोद खन्ना. 'रुस्तम' २०१६चा, त्यात अक्षयकुमार. पोराला 'रुस्तम' आवडतो, काकूंना विनोद खन्ना आवडतो. सिनेमाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

"पण टॉवेलचं काय?" भाऊंनी एकदम विचारलं.

टॉवेलचं असं, की आहुजा अंघोळ करून आला होता आणि अंगावर फक्त टॉवेल होता. दोघांची झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या, असं बचावाचं म्हणणं. सरकारी पक्ष म्हणाला, झटापट झाली तर टॉवेल सुटला कसा नाही? पुढे म्हणे मुंबईच्या रस्त्यावर फेरीवाले आहुजा टॉवेल आणि नानावटी पिस्तूल ओरडून विकत. मुद्दा कायद्याचा होता, पण आमच्या ज्युरीने तो प्रात्यक्षिकाने सोडवायचं ठरवलं. क्लब हाऊसच्या बाथरूममधून टॉवेल आला. पॅन्टवरून तो गुंडाळून उभं राहायला कोण, तर वायर. शेअरवाल्यांनी आपला सगळा राग काढून मला ढकललं. टॉवेल टिकला, मी टिकलो नाही, आणि कोपऱ्यातल्या कॅरमवर जाऊन आपटलो. "बघा, सुटत नाही!" काका विजयाने ओरडले. साहेबांनी लगेच हरकत घेतली की हा टॉवेल सोसायटीचा, म्हणजे आखूड आणि जाडा. आहुजाचा तसा नसणार.

लाइट येईना. मग सेक्रेटरींनी सुचवलं, आपणच निकाल देऊन टाकू. आधी काकांना विचारा, पुस्तकात काय होतं?

काका गप्प. पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यामुळे ऐकू आलं नसेल म्हणून वहिनींनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"माझ्या प्रतीत शेवटची पानं नव्हती," काका म्हणाले. ही कुजबुज त्यांच्या आयुष्यातली खरी पहिली. मग लगेच सावरून, "शेवट काय, कुणीही लिहितो! मधलं महत्त्वाचं!"

मतदान सुरू झालं. पोराने कंपनी दोषी म्हटलं, पण वाशी ते कुर्ला वगळून. भाऊ म्हणाले, तंबाखूची असती तर सोडली असती, बंदुकीची आहे तर दोषी. विमा एजंटांनी भरपाई तत्त्वतः मंजूर केली, फक्त विधवेची कागदपत्रं अपुरी आहेत असं त्यांचं मत पडलं. सीएंनी भरपाईवर टीडीएस कापला का ते विचारलं. शेअरवाले म्हणाले, कंपनी लिस्टेड आहे का ते आधी सांगा, म्हणजे सोमवारी बघता येईल. काका, वहिनी आणि साहेब एकदम 'दोषी' म्हणाले, आणि ते तिघं एखाद्या गोष्टीवर एकमताने बोलल्याचं ऐकून मी घाबरून हात वर केला.

"अमर विश्वास असता," काकू टॉर्चच्या उजेडात म्हणाल्या, "तर त्याने सांगितलं असतं, गुन्हेगार दुसरा-तिसरा कुणी नाही. तो इथेच आहे. या खोलीत."

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं.

"रंगकामाचा इथे काय संबंध?" ते म्हणाले. कुणी रंगकामाचं नावही काढलं नव्हतं.

लाइट आली तेव्हा बाद मतं, सशर्त मतं आणि 'विचार करून सांगतो' अशी मतं धरून हिशेब करताना साहेबांना घाम फुटला होता. पुन्हा लाइट जायच्या आत वर जाऊ म्हणून सगळे निघाले. पडद्यावर उरलेला शेवट बघायला कुणी थांबलं नाही. मी वायर गुंडाळत होतो, तर शेअरवाले परत आले आणि हळूच म्हणाले, "ते पुस्तक कुठं मिळेल हो? सगळं नको. शॉर्टचीच पानं."

रविवारी सकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरींची नोटीस लागली होती.

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, काल दाखविण्यात आलेल्या चित्रपटातील बंदूक कंपनीस उपस्थित सभासदांनी आठ विरुद्ध एक मतांनी दोषी ठरविले आहे. चित्रपटातील निकाल वेगळा असल्यास सोसायटी जबाबदार नाही. कंपनीस अपील करावयाचे असल्यास कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा. यापुढे कोर्टाचे चित्रपट दाखविले जाणार नाहीत. पुढील शनिवारी आचार्य अत्रे यांचा "श्यामची आई" (१९५३).'

त्याखाली निळ्या शाईने, ओळखीच्या थरथरत्या अक्षरात: 'पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. सिनेमात किती घेतल्या, ते आधी कळवावे.'